वयात येणारे सिनेमे, मुलांसोबत बघताना

तुमच्या घरात आठवी, नववी किंवा दहावीत शिकणारं कोणी असेल, तर रविवारी दुपारी काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. जेवणं होतात, ताटं उचलली जातात आणि पाचच मिनिटांत घरातला प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये शिरतो. बाबा बातम्यांमध्ये, आई एखाद्या मालिकेच्या राहिलेल्या भागात, आजी कीर्तनात. आणि ते चौदा वर्षांचं पोर दार लोटून आतल्या खोलीत. काय बघतोयस म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं, "काही नाही."

या "काही नाही"चं काय करायचं, हा प्रश्न बहुतेक आईवडिलांना पडतो. मोबाइल काढून घेतला तर भांडण, नाही घेतला तर काळजी. यावर एक साधा उपाय करून बघा. महिन्यातून एका रविवारी घरातल्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी मिळून एकच सिनेमा बघायचा, आणि तोही त्याच वयाबद्दलचा. आपल्याकडे असे सिनेमे आहेत आणि त्यातले बरेचसे मराठीत आहेत. त्यात हसायला भरपूर आहे, आणि आपण मुलांशी जे बोलायचं टाळतो तेही आहे.

दिल्लीतली तीन पोरं आणि चमको पावडर

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांमध्ये वाढलेल्या मराठी मुलांची एक गंमत असते. शाळेत इंग्रजी, खाली मैदानात हिंदी, आणि मराठी फक्त घरात, तीही बरेचदा आजीशी बोलायला. त्यांच्या लेखी मराठी ही "जेवायला ये" आणि "अभ्यास झाला का" याची भाषा असते. या भाषेत कोणी मित्राची टर उडवतं, मुलीला चिठ्ठी लिहितं, सरांची नक्कल करतं, हे त्यांनी कधी ऐकलेलंच नसतं.

म्हणून सुरुवात हिंदीतूनच करा, पण मराठी माणसाच्या हिंदीतून. सई परांजपे यांचा 'चश्मे बद्दूर' 1981 सालचा. सईताई पुण्याच्या. दिल्लीत त्यांनी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिक्षण घेतलं आणि नंतर दिल्ली दूरदर्शनवर काम केलं. 'चश्मे बद्दूर'ची मूळ कल्पनाही त्यांच्या दूरदर्शनवरच्या 'धुआँ धुआँ' या नाटकातली. गोष्ट एवढीशीच आहे. एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, तीन विद्यार्थी राहतात. एक अभ्यासू, बाकीचे दोघे उनाड. सिगारेटी वाटून ओढायच्या, पानवाल्या लल्लन मियाँची उधारी बुडवायची आणि दिसेल त्या मुलीच्या मागे जायचं, हा त्या दोघांचा दिनक्रम. दोघेही नेहा नावाच्या मुलीकडून अपमान करून घेऊन परत येतात आणि खोलीवर येऊन मात्र आपण तिला कसं जिंकलं याच्या रसभरीत थापा मारतात. नंतर तीच नेहा चमको साबण पावडर विकायला त्यांच्या दारात येते, तेव्हा घरात असतो तो तिसरा, सिद्धार्थ. बादलीत फेस काढून दाखवण्याचा तो प्रसंग आजही घरातल्या सगळ्या पिढ्यांना एकत्र हसवतो.

हे विद्यार्थी शाळकरी नाहीत, कॉलेजच्याही पुढचे आहेत. तरी मी हा सिनेमा यादीत आधी घेते, कारण यातली दिल्ली. रिकामे रस्ते, हिरवळ, बागेतलं उघड्यावरचं रेस्टॉरंट. ज्या रिंगरोडवर तुमची मुलं रोज स्कूलबसमध्ये तासभर अडकतात त्याच शहरात एके काळी मोटारसायकलवरून निवांत फिरता येत होतं, हे त्यांना परीकथेसारखं वाटतं. आणि आजीआजोबा सोबत असतील तर सिनेमा मध्येच थांबवावा लागतो. त्यांना चाणक्य आठवतं. चाणक्यपुरीतलं हे थिएटर 1970 साली सुरू झालं आणि 2007 च्या अखेरीस बंद पडलं. दक्षिण दिल्लीतल्या एका पिढीचं कॉलेज तिथेच झालं असं म्हणायला हरकत नाही. त्याच्या पडद्यावरचा शेवटचा सिनेमा होता 'तारे जमीन पर', तोही शाळेत न रमणाऱ्या मुलाचा. आर. के. पुरमचं आपलं संगम मात्र मल्टिप्लेक्स होऊन टिकलं.

'चश्मे बद्दूर' बघताना एक गोष्ट मात्र नुसती हसण्यावारी नेऊ नका. दोन मित्र एका मुलीबद्दल खोटं सांगतात आणि त्या खोट्यावरून सिद्धार्थ तिच्याशी तोडून टाकतो. सिनेमात ते निस्तरलं जातं. आज तीच थाप शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडली, तर ती निस्तरता येत नाही. हे मुलाला व्याख्यान देऊन सांगायची गरज नाही. "तुमच्या वर्गात असं झालंय का रे?" एवढं विचारलं तरी पुरतं.

शिरोडकरचं पहिलं नाव काय?

मराठीत या वयावरचे सिनेमे एकदम आले नाहीत. 'श्यामची आई'ला 1954 साली पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, पण त्यातला श्याम हा संस्कार घेणारा मुलगा. वर्गातल्या मुलीकडे चोरून बघणारा मुलगा आपल्या पडद्यावर यायला फार वर्षं लागली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'दहावी फ'ने 2002 साली वर्गातल्या मागच्या बाकांकडे कॅमेरा वळवला. शाळेने "ढ" म्हणून एका तुकडीत कोंबलेली मुलं आणि त्यांना माणसासारखं वागवणारा एक शिक्षक. अतुल कुलकर्णी त्यात शिक्षक होते. मुलांच्या तुकड्या मार्कांवरून पाडणाऱ्या शाळेत तुमचं मूल असेल, तर हा सिनेमा शोधून काढा.

मग 2009 ते 2016 अशी सातआठ वर्षं आली. 'विहीर', 'शाळा', 'बालक पालक', 'टाइमपास', 'फँड्री', 'किल्ला', 'सैराट' हे सगळे त्या एवढ्या काळातले. इतक्या थोड्या वर्षांत वयात येण्यावर इतकं चांगलं काम त्या वेळी दुसऱ्या कुठल्या भारतीय भाषेत झालं असेल, असं मला तरी वाटत नाही.

त्यातला 'शाळा' माझा सगळ्यात आवडता. मिलिंद बोकील यांची कादंबरी 2004 ची. सुजय डहाके यांनी केलेला सिनेमा जानेवारी 2012 मध्ये थिएटरात आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काळ आणीबाणीचा. मुकुंद जोशी नववीत आहे. त्याचे तीन मित्र आहेत, बसायला एक अर्धवट बांधलेली इमारत आहे आणि वर्गात शिरोडकर आहे. सिनेमाभर आपण तिला शिरोडकर म्हणूनच ओळखतो, कारण मुलं मुलींना आडनावानेच हाक मारतात. ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातल्या शाळेत शिक्षण घेतलं, त्यांना हे ऐकूनच हसू फुटेल. मुलामुलींनी बोलायचं नाही असा लेखी नियम कुठेच नव्हता, पण तो सगळ्यांना पाठ होता.

दिल्लीतल्या मुलांना 'शाळा' दाखवताना सुरुवातीची वीस मिनिटं जरा धीर धरा. "लाइन देणं" म्हणजे काय, हे त्यांना विचारावं लागेल. सुऱ्याच्या तोंडातल्या अर्धवट शिव्यांवर आजी कपाळाला आठ्या घालील. घालू द्या. आपल्या वयाची मुलं मराठीत इतकी मोकळी, इतकी वात्रट बोलतात, हे पहिल्यांदा कळण्याचा तो आनंद आहे. मराठी शिकवणीच्या दहा तासांपेक्षा तो जास्त कामाला येतो.

आणि मग तुमच्यासाठी एक जागा आहे. नंदू माधव यांनी रंगवलेला मुकुंदचा बाप बघा. मुलगा पकडला जातो, शाळेत बोलावणं येतं, बेअब्रू होते. त्या काळचा बाप काय करील असं आपल्याला वाटतं, ते हा बाप करत नाही. तो प्रसंग चालू असताना शेजारी बसलेल्या मुलाकडे वळून बघू नका. पडद्याकडेच बघा. त्याला जे कळायचं ते कळतं.

"शेण खाल्लं" म्हणजे काय हो?

रवी जाधव यांचा 'बालक पालक' जानेवारी 2013 मधला. 'नटरंग' आणि 'बालगंधर्व' केलेल्या दिग्दर्शकाने एकदम चाळीतल्या चार पोरांची गोष्ट घेतली, तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या होत्या. ऐंशीच्या दशकातली चाळ. एके दिवशी चाळीतली एक ताई अचानक निघून जाते आणि मोठी माणसं एकमेकांत कुजबुजतात की तिनं शेण खाल्लं. शेण खाल्लं म्हणजे नक्की काय, हे मुलांना कोणी सांगत नाही. विचारलं की ओरडा मिळतो. मग दोन मुलगे आणि दोन मुली स्वतःच शोध घ्यायला निघतात, आणि त्यांना वाट दाखवायला विशू भेटतो. पुस्तकं, मग व्हीसीआर, मग कॅसेट.

सिनेमा पोट धरून हसवतो. पण त्याचा खरा जीव दुसऱ्या अर्ध्यात आहे. एकदा ती कॅसेट बघितल्यावर मुलांची नजर बदलते. कालपर्यंतची मैत्रीण आज वेगळी दिसायला लागते, शेजारची ताई वेगळी दिसायला लागते, आणि त्यांना ते नको असतं तरी थांबवता येत नाही. ज्या गोष्टीबद्दल कोणीच बोललं नाही, ती चुकीच्या मास्तरकडून शिकली की काय होतं, हे इतक्या सरळपणे आपल्याकडे फार कमी वेळा दाखवलं गेलंय. शेवटी किशोर कदम यांचे कदम काका मुलांशी बोलतात. रागावत नाहीत, बोलतात.

आता हिशोब करा. त्या मुलांना एक कॅसेट मिळवायला पैसे गोळा करावे लागले, रिकामं घर शोधावं लागलं, व्हीसीआर भाड्याने आणावा लागला. तुमच्या मुलाला काय लागतं? तुम्ही हा लेख ज्या यंत्रावर वाचताय, तेवढंच. बाकी काहीच नाही. म्हणून कदम काकांचं काम आता दहाव्या-अकराव्या वर्षीच करावं लागतं, आणि ते शेजारच्या काकांवर सोडता येत नाही.

हा सिनेमा मुलांसोबत बघायला अवघडल्यासारखं होईल का? होणारच. एक सांगते, अवघड प्रसंग आला की रिमोटकडे हात नेऊ नका आणि "मी पाणी घेऊन येते" म्हणून उठूही नका. उठलात की मुलांना जुनाच धडा मिळतो, की हा विषय आला की या घरात मोठी माणसं खोलीबाहेर जातात. हवं असेल तर आधी तुम्ही दोघांनी बघून घ्या. तेरा वर्षांच्या आतल्या मुलाला दाखवायचा की नाही, हे त्याच्या स्वभावावर ठरवा.

भेटायचं कुठे?

अमेरिकेतल्या या वयाच्या सिनेमांचं नाव निघालं की जॉन ह्यूजचे सिनेमे येतात. 'द ब्रेकफास्ट क्लब' 1985 चा, 'फेरिस ब्यूलर्स डे ऑफ' 1986 चा. तिकडच्या पोरांकडे स्वतःची खोली असते, सतरा-अठराव्या वर्षी गाडी असते, शाळेच्या डान्सची रात्र असते. आपल्याकडे? आपले सिनेमे नीट बघितले तर लक्षात येतं की अर्धी गोष्ट जागा शोधण्याचीच आहे. 'शाळा'त अर्धवट इमारत आणि स्काउटचा कॅम्प. 'टाइमपास'मध्ये पेपर टाकण्याच्या निमित्ताने जिना. 'सैराट'मध्ये विहीर, उसाचा फड, कॉलेजचा वर्ग. आर. के. पुरममध्ये वाढलेल्यांना विचारा, ते पाण्याच्या टाकीमागची जागा आणि मार्केटमधलं चाटचं दुकान सांगतील.

'टाइमपास' जानेवारी 2014 चा, पुन्हा रवी जाधव यांचाच. दहावी नापास दगडू आणि लेले घराण्यातली प्राजक्ता. प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकर. मुलीचे वडील वैभव मांगले, ज्यांना पोरं "शाकाल" म्हणतात. महाराष्ट्रात तो तुफान चालला. मुलांनाही आवडेल, गाणी तर आवडतीलच. तरी माझं मत थोडं वेगळं आहे. दगडूने प्राजक्ताला "पटवायचं" ठरवणं, ती नाही म्हणत असताना मागे लागणं, हे सिनेमा फार लाडाने दाखवतो. मुलगा हसेल. शेजारी बसलेली मुलगी हसते का, ते बघा. नसेल हसत, तर का, हे तिलाच सांगू द्या, भावासमोर.

मुलींवरून आठवलं. या सगळ्या यादीत मुलींच्या नजरेतून सांगितलेली गोष्ट किती? मोजायला एक हातही लागत नाही. 'विहीर'मध्ये दोन मावसभाऊ, 'किल्ला'त मुलगा, 'फँड्री'त मुलगा, 'शाळा'त मुलगा. शिरोडकरच्या मनात काय चाललं होतं हे आपल्याला कधीच कळत नाही, जे कळतं ते मुकुंदला वाटतं ते. चंद्रकांत कुलकर्णी यांनी 1999 साली 'बिनधास्त'मध्ये फक्त बायकांचीच फळी उभी केली होती, दोन कॉलेजकन्यका मध्यभागी ठेवून. पण ती रहस्यकथा होती, आणि त्या वाटेने पुढे फारसं कोणी गेलं नाही. हिंदीत हृषीकेश मुखर्जींची 'गुड्डी' आहे, 1971 ची. धर्मेंद्रवर जीव टाकणारी शाळकरी मुलगी, जया भादुरी. स्टुडिओत नेऊन तिला सिनेमाच्या झगमगाटामागची मेहनत दाखवली जाते. आज तिथे धर्मेंद्रच्या जागी कुठलाही इन्फ्लुएन्सर ठेवा, गोष्ट तशीच चालते. मुलगी असेल घरात, तर 'गुड्डी' अजिबात चुकवू नका.

हसता हसता जिथे थांबतो

आणि मग आर्ची येते. बुलेटवरून, ट्रॅक्टरवरून. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' 29 एप्रिल 2016 ला आला. रिंकू राजगुरू तेव्हा शाळेतच होती, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या कामाचा खास उल्लेख झाला. मराठीत कळत नसेल तर इंग्रजीत सांगू का, असं दरडावणारी ही मुलगी आपल्या पडद्यावर आधी नव्हती. यातली भाषा करमाळ्याकडची, सोलापूर जिल्ह्यातली. पुण्याच्या मराठीपेक्षा वेगळी मराठीही असते हे तुमच्या मुलांना इथे कानाने कळेल. पहिला अर्धा भाग निव्वळ आनंदाचा आहे. परश्या, त्याचे दोन मित्र, क्रिकेट, गाणी.

शेवट कसा आहे हे तुम्हाला माहीत असेल. तो मुलांना आधी सांगू नका, पण त्यांना एकटंही बघू देऊ नका. शेवटच्या क्षणांत आवाज बंद होतो. त्यानंतर कोणीतरी लगेच दिवा लावील, कोणीतरी "चला, चहा" म्हणेल. जरा थांबा. पाचवीतल्या धाकट्याला मात्र या दिवशी मावशीकडे पाठवा.

मंजुळे यांचा आधीचा 'फँड्री' 14 फेब्रुवारी 2014 ला, प्रेमदिनाच्या दिवशी आला. जब्याला शालू आवडते. त्यासाठी तो काळी चिमणी शोधत फिरतो, कारण तिची राख अंगावर टाकली की मुलगी वश होते असं त्याने ऐकलंय. कुठल्याही शाळकरी पोराचा वेडेपणा, वाटतं ना? पण जब्याचं घर गावाबाहेर आहे, आणि गावात डुकरं पकडायचं काम त्याच्या घरच्यांना करावं लागतं. तेही शालू बघत असताना. पोरं हसत असतात, आणि आपल्याला कळतं की आत्तापर्यंत आपण ज्या हसण्यात सामील होतो ते हेच. सोमनाथ अवघडेला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलांनी विचारलं की "असं अजून असतं का?", तर "हे गावाकडे" म्हणून सुटू नका. आपल्या सोसायटीत कचरा उचलायला कोण येतं, त्यांना पाणी कोणत्या ग्लासात दिलं जातं, हे मुलांना दिसतच असतं.

आणि बदलीवाल्यांसाठी

अविनाश अरुण यांचा 'किल्ला' 2015 मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला. त्याच्या आदल्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला क्रिस्टल बेअर मिळाला होता, आणि तो देणारे परीक्षक मोठे समीक्षक नव्हते, तर शाळकरी मुलंच होती. अकरा वर्षांचा चिन्मय, वडील नुकतेच गेलेले. आई, म्हणजे अमृता सुभाष, सरकारी नोकरीत. तिची बदली होते आणि दोघं पुण्याहून कोकणात येतात. नवी शाळा, नवी पोरं, बंड्या नावाचा अफलातून वात्रट मुलगा. पार्थ भालेरावचा बंड्या तुमच्या घरात आठवडाभर तरी नकलांमधून फिरत राहील.

आर. के. पुरममध्ये राहणाऱ्यांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. वर्षाच्या मध्येच आलेली ऑर्डर, शाळेचा दाखला, ज्याच्याशी नुकतीच गट्टी जमली त्याचा निरोप. पावसात किल्ल्यावर एकट्या पडलेल्या चिन्मयला मित्र सापडत नाहीत, तो प्रसंग बघताना माझ्या शेजारी बसलेली एक सातवीतली मुलगी, जी तीन शहरांत चार शाळा बदलून आली होती, पुटपुटली, "आता हा कुणाशीच बोलणार नाही." आणि तसंच झालं. तिने सिनेमा आधी बघितला नव्हता.

सिनेमाच्या शेवटी आईची पुन्हा बदली येते. ज्या घरात माळ्यावर टीव्हीचं आणि मिक्सरचं रिकामं खोकं अजून जपून ठेवलेलं आहे, त्या घरात या रविवारी 'किल्ला' आधी लावा, 'चश्मे बद्दूर' पुढच्या महिन्यात.